शांग बाईंची कात्री

शांग बाईंच्या पिशवीत तीन वस्तू कायम असत: गरम पाण्याचा थर्मास, सूर्यफुलाच्या बियांची पुडी आणि शिंप्याकडे असते तेवढी मोठी कात्री. पहिल्या दोन वस्तू चीनच्या गान्सू प्रांतातल्या त्या तालुक्याच्या गावात कुठल्याही मास्तराकडे सापडतील. कात्रीमुळे मात्र बाईंचं नाव झालं होतं, आणि नाव झालं म्हणजे चांगलंच झालं होतं असं समजायचं कारण नाही.

कात्री उताऱ्यांसाठी होती. जूनमधल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात चार लांबलचक उतारे येतात, उताऱ्यांखाली प्रश्न आणि प्रश्नांखाली चार-चार पर्याय. योग्य पर्यायाचा चौकोन पेन्सिलने काळा करायचा. त्या चौकोनांवर पोरांचं पुढचं आयुष्य ठरतं, म्हणून अख्खं गाव चौकोनांच्या नादी लागलेलं. शाळेभोवतीच्या गल्ल्यांत खेड्यांवरून आलेल्या आया एकेक खोली भाड्याने घेऊन तीन-तीन वर्षं पोरांना रांधून घालत राहतात. आणि ही बाई सरावाच्या पेपरांतले सगळे पर्याय कराकरा कापून केराच्या टोपलीत टाकायची. प्रश्न तेवढे फळ्यावर लिहायची.

"तुझी ही कात्री एक दिवस तुझंच नाक कापेल," असं बाईंचा नवरा म्हणायचा. तो निवृत्त बस ड्रायव्हर, घरी शेवया लाटायचा आणि बायकोची काळजी करायचा. दोन्ही कामं तो मन लावून करी.

त्या वर्षी बाईंना चौदावी तुकडी मिळाली. पहिल्या तुकडीला हुशार पोरं आणि तरुण मास्तर, चौदावीला उरलेली पोरं आणि उरलेली बाई, असा सरळ हिशेब होता. उन्हाळ्यात बाईंना पंचावन्न पूर्ण होऊन त्या निवृत्त होणार होत्या. चौदावीतल्या पोरांना उतारा वाचायची गरजच वाटत नव्हती, कारण त्यांच्याकडे मंत्र होता. तीन लांब एक बुटका, बुटक्यालाच धर. तीन बुटके एक लांब, लांबालाच धर. सगळे सारखे दिसले तर 'सी'वर बोट धर. हा मंत्र कुणी लिहिला देव जाणे, पण देशभरातल्या ढ पोरांना तो तोंडपाठ आहे.

पहिल्याच दिवशी बाईंनी तिसऱ्या बाकावरच्या यान तिंगला उभं केलं. डोंगरातल्या मेंढपाळाची पोर, गाल वाऱ्याने फाटलेले, मान खाली. उताऱ्यात एक म्हातारा जखमी घुबडं घरी आणून सांभाळत होता.

"तो घुबडं का सांभाळतो?" बाईंनी विचारलं.

"पर्यायच कापलेत, बाई."

"पर्याय नाही विचारले. का सांभाळतो?"

"चांगला असेल बिचारा."

"ओळ दाखव."

"ओळ नाही, पण चांगली माणसं तसंच करतात."

"तुझ्या मनातला उतारा मी तपासत नाही. कागदावरचा वाच. ओळ सापडेपर्यंत उभी राहा."

पोर तास संपेपर्यंत उभी राहिली. शेवटी तिचं बोट एका ओळीवर टेकलं. म्हाताऱ्याची बायको रात्री खिडकीत बसून घुबडाचा आवाज ऐकायची, आणि ती गेल्यावर घर मुकं झालं होतं. तिंगने ते अडखळत वाचलं. बाईंनी फक्त "बस" म्हटलं. बाईंच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

तेव्हापासून चौदावीत "ओळ दाखव" हा परवलीचा शब्द झाला. खानावळीत कुणी म्हणालं की आज बटाट्यात मटण आहे, तर दुसरा म्हणे, ओळ दाखव. हिवाळा सरला तेव्हा तिंग चाळीस गुणांवरून एकाहत्तरवर आली होती. दीडशेपैकी एकाहत्तर म्हणजे काही दिवे लावले नव्हते. पण तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी जूनची परीक्षा द्यायलाच हवी होती, आणि आता ती देण्याची हिंमत तिच्यात आली होती.

नेमकं तेव्हाच हौ बिनने बाईंना बोलावलं. हौ बिन त्या इयत्तेच्या सगळ्या तुकड्यांचा प्रमुख होता, चाळिशीचा, नीटनेटका, आणि एकेकाळचा बाईंचा विद्यार्थी. त्याने स्वतः उठून चहा ओतला, तेव्हाच बाईंनी ओळखलं की दाल में कुछ काला है.

"बाई, चौदावीतली तीस पोरं मार्चच्या धंदेशिक्षणाच्या परीक्षेला पाठवायचीत. तिथे सगळ्यांनाच घेतात. पोरांचंही भलं."

"आणि जून?"

"तिथे प्रवेश झाला की जूनला बसता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. जूनला बसलेल्यांपैकी किती विद्यापीठात गेले, यावर शाळेची पत ठरते. वरची संख्या वाढवणं कठीण, खालची छाटणं सोपं. छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, हे पाचवीच्या पोरालाही कळतं. हौ बिनने कागद पुढे सरकवला. मथळ्यात 'स्वेच्छा-अर्ज' असं होतं, खाली विद्यार्थ्याची सही आणि पालकाचा अंगठा. रविवारी पालकांना बोलावलं होतं. यादीत यान तिंगचं नाव चौथं होतं.

"ही स्वेच्छा कुणाची रे?"

"बाई, तुमचे चार महिने उरलेत. सुखाने काढा. नाहीतर वाचनालयात जागा रिकामी आहे." तो हे हसून म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

बाई चहा न पिताच उठल्या. त्यांना आपल्या बापाचा लाल अंगठा आठवला होता. चौऱ्याऐंशी साली त्या तालुक्यात पहिल्या आल्या होत्या, सोळा वर्षांच्या. त्या काळी हुशार पोरांना उचलून थेट मास्तरकीच्या शाळेत घालत. सरकारी धान्य, सरकारी नोकरी, घरचं एक तोंड कमी. बापाने शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला. लेकीला विचारलं नाही, कारण कागदावर तिने स्वखुशीने ठरवल्याचं आधीच छापलेलं होतं. जूनची परीक्षा बाईंनी कधी दिलीच नाही. एकोणिसाव्या वर्षी फळ्यापुढे उभ्या राहिल्या, इंग्रजी रेडिओवरून शिकल्या, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या पोरांना त्या परीक्षेच्या दारापर्यंत सोडून परत फिरत आल्या. बापावर त्यांचा राग नव्हता. त्या कागदावर होता, आणि पस्तीस-चाळीस वर्षांत तो तसूभरही निवला नव्हता.

शनिवारी बाई वर्गात दोन झेरॉक्स घेऊन आल्या. एक तो अर्ज, खालची सही-अंगठ्याची पट्टी कापलेला. दुसरी प्रांताच्या शिक्षण खात्याची सूचना. ती गेले सहा महिने शाळेच्या काचेच्या फलकात लटकत होती आणि माशीखेरीज तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं.

"बाई, हे तर चिनी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग सोपं जाईल. प्रश्न पहिला: अर्जात निर्णय कोण घेतंय? दुसरा: घेतल्यावर काय बंद होतं? तिसरा: सूचनेत शाळेला काय करायला मनाई आहे? चौथा: सही केलीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय? उत्तर नको. ओळ."

पोरं हसत हसत वाचायला लागली. मग हसू थांबलं. पहिल्या तीन प्रश्नांच्या ओळी पाच मिनिटांत सापडल्या. चौथ्याची ओळ शोधता शोधता घंटा झाली. तिंगने दोन्ही कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचले.

"बाई, चौथ्याची ओळच नाही."

"बस," बाई म्हणाल्या. "ज्याला मार्चला जायचंय त्याने खुशाल जावं, त्यात कमीपणा नाही. सुताराला आणि स्वयंपाक्याला माझ्याहून जास्त मान मिळतो. पण जायचं तर वाचून जा."

रविवारी सभागृहात धुळीचा वारा दारातून आत येत होता. टेबलावर अर्जांची थप्पी आणि लाल शाईच्या तीन गाद्या मांडलेल्या. तिंगचा बाप यान देशुन पहाटे डोंगरातून निघून आला होता, पाठीवर लेकीसाठी बटाट्यांचं पोतं. बाई मागच्या खुर्चीत बिया सोलत बसल्या होत्या. हौ बिनने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहायचं टाळलं.

तिंगचं नाव पुकारलं गेलं. बाप पुढे झाला. साहेबाने सांगितलं म्हणजे करायचं, अशी त्याची सगळी हयात गेलेली. त्याने अंगठा गादीवर दाबला, लाल झालेला अंगठा वर उचलला आणि विचारलं, "कुठं लावू?"

"इथे, काका. इतके कमी गुण असले की हाच नियम आहे," हौ बिन म्हणाला.

"सर," तिंग म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक होता की पहिल्या रांगेच्या पलीकडे तो गेला नसता, पण सभागृह नेमकं त्या क्षणी शांत होतं. "ओळ दाखवा."

"काय?"

"नियम कुठल्या ओळीत आहे, ते दाखवा. मी दोन्ही कागद वाचलेत. अर्जात लिहिलंय की मी स्वतःच्या मर्जीने जातेय. फलकावरच्या सूचनेत लिहिलंय की शाळेने कुणाला भाग पाडू नये. नियमाची ओळ मला सापडली नाही. मी ढ आहे, राहून गेली असेल. तुम्ही दाखवा."

हौ बिनचा हात अर्जावर गेला आणि तिथेच राहिला. पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न ऐकत तो स्वतः तासभर उभा राहिला होता. त्याने नकळत मागच्या खुर्चीकडे पाहिलं. बाईंनी एक बी सोलून तोंडात टाकली.

यान देशुनचा अंगठा अजून हवेतच होता. "पोरी," तो म्हणाला, "मला धड वाचता येत नाही. खरंच तुझी मर्जी लिहिलीय यात?"

"हो, बाबा."

"आणि आहे का तुझी?"

"नाही."

बापाने अंगठ्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं. "साहेब, अंगठा माझा आहे, तो तुम्ही म्हणाल तिथं लावीन. पण मर्जी हिची लिहिलीय. ती मी कुठून आणू?" एवढं बोलून त्याने अंगठा कोटाच्या आतल्या बाजूला पुसला आणि पोतं उचललं.

मागून एक पोरगा उठला, ओळ दाखवा म्हणाला. मग एक मुलगी उठली. तीसपैकी नऊ जणांनी अर्ज भरले, त्यातल्या सहांना खरोखरच जायचं होतं. उरलेल्या तिघांचं वाईट बाईंना अजून वाटतं. एकवीस कोरे अर्ज टेबलावरच राहिले.

सोमवारी बाई वाचनालयात होत्या. कारण विचारलं तर वरून आदेश आहे एवढंच उत्तर मिळालं. चौदावीला नवा मास्तर आला, त्याने पर्याय परत आणले. पण रोज दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचनालयाच्या लांब टेबलाभोवती वीसेक पोरं वाफाळत्या पावाचे तुकडे मोडत बसायची, आणि आतून कात्रीचा कराकरा आवाज यायचा. हौ बिन दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला.

जूनमध्ये तिंगला इंग्रजीत शहाण्णव मिळाले. एकूण गुणांवर लांबच्या एका साध्या शेतकी विद्यापीठात गुरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली. शाळेच्या लाल फलकावर तिचं नाव लागलं नाही, तिथे पहिल्या तुकडीचीच नावं मावतात. चौदावीतल्या बाकीच्यांपैकी अकरा कुठे ना कुठे लागले, काही राहिले, दोघांनी पुन्हा वर्ष करायचं ठरवलं. शाळेची टक्केवारी थोडी घसरली. त्याने डोंगर कोसळले नाहीत.

जुलैत बाई निवृत्तीच्या कागदांवर सही करायला गेल्या. हौ बिनने फाइल समोर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहायला लागला. बाईंनी चष्मा लावून पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. नोकरीची वर्षं बरोबर होती, जन्मतारीख बरोबर होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: 'प्रकृतीच्या कारणास्तव, स्वतःच्या विनंतीवरून, वाचनालयात बदली.'

"ही विनंती मी कधी केली रे, बिन?"

"बाई, नुसती लिहिण्याची पद्धत आहे ती. कोण वाचतंय?"

"मी वाचतेय."

बाईंनी पिशवीत हात घातला. कात्री निघाली तसा तो अर्धवट उठला. बाईंनी तिसऱ्या पानाच्या तळाची तेवढी एक ओळ सावकाश, सरळ रेषेत कापली आणि ती पट्टी त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मग उरलेल्या कागदावर सही केली. अंगठ्यासाठी लाल शाईची गादी पुढे सरकवलेली होती, ती त्यांनी मागे सारली.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि थर्मास उचलून घरी शेवया खायला गेल्या.