पांढरी तीन की पांढरी एक

"बाई, हळदीच्या गाण्यात एवढे कोमल स्वर? हळद लागतेय की सुतक?" शिकवणीच्या एका आगाऊ मुलीने माझंच पुस्तक पुढ्यात धरून विचारलं. तिला मी गप्प केलं, पण स्वतःला गप्प करता येईना. चार दिवस चिडचिड केली आणि पाचव्या दिवशी पुण्याहून कर्जतची गाडी पकडली.

आठ वर्षांपूर्वी कशेळ्याजवळच्या एका गावात मी हे गाणं उतरवून घेतलं होतं. गाणाऱ्या बारकूबाई धवलारीण होत्या, म्हणजे लग्नात एकेका विधीचे धवळे गाणाऱ्या. रेकॉर्डिंग जुन्या फोनबरोबर गेलं, उरली फक्त वही. सुरावट कागदावर उतरवताना आधी सा कुठे ते ठरवावं लागतं, कारण सा म्हणजे गाण्याचं घर. बारकूबाई जिथे थांबल्या, तो सूर पेटीवर पांढरी तीन होता, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी. मी तोच सा धरला. तिथून मोजले तर रे, ग, ध, नी चारही कोमल. सगळ्यांखाली कोमलच्या आडव्या रेघा मारल्या, वर 'भैरवीचे स्वर, करुण चाल' असं लिहिलं आणि छापून मोकळी झाले. एक प्रत त्यांना पोस्टाने पाठवली, मोठ्या ऐटीत. आता दुसरी आवृत्ती निघतेय, तर त्याआधी त्यांच्याकडून पुन्हा एकदा ऐकून घ्यावं, एवढंच मनात होतं.

कोणी जाणार असाल तर सांगते: कर्जत स्टेशनाबाहेर कशेळ्याच्या जीपा मिळतात, पण भरल्याशिवाय हलत नाहीत. माझा पाऊण तास त्यातच गेला. चाळीस रुपये घेतले. मुरबाडची एसटी मिळाली तर बरी. दसरा होऊन गेला होता, भात पिवळं पडलं होतं, आणि शेताशेतांच्या मधून फार्महाउसच्या पाट्या. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं.

"कुणाकडं जायचंय, बाई?" ड्रायव्हरने विचारलं.

"बारकूबाई धवलारणीकडे."

"धवलारीण? आता कोण बोलावतंय? डीजे लावला की झालं."

कशेळ्यात पाणचट मिसळ खाल्ली. पुढे तीन किलोमीटर रिक्षा मिळते, मला मिळाली नाही. पाणी जवळ ठेवा, वाटेत दुकान नाही.

बारकूबाईंची सून मंदा ओटीवर सुक्या बोंबलांची डोकी काढत बसली होती. तिने मला ओळखलं. "आय गेली, बाई. दोन वर्षं झाली," ती म्हणाली आणि आत पाणी आणायला गेली. एका फोनने कळलं असतं, पण आठ वर्षांत मी तो केला नव्हता.

पाणी प्यायल्यावर मी वही काढली आणि तिला त्या करुण चालीचं सांगितलं. तिने हातातलं काम थांबवलं.

"करुण कशाला असंल? हळद हाय ती. आयनं तुमाला पुरं म्हटलंच नाय. मांडव नाय, नवरी नाय, मग धवळा पुरा कसा करायचा? शेवटची वळ ती मांडवातच म्हणायची. तुमच्याम्होरं ती अर्ध्यात थांबली."

"मग मला बोलल्या का नाहीत?"

"तुमी इचारलं का?"

नव्हतं विचारलं. त्या थांबल्या आणि मी पेटीवर सूर शोधायला लागले, एवढं मला लख्ख आठवतंय.

"ती शेवटची ओळ म्हणशील गं?"

"नाय. मांडव कुठं हाय?"

मग मी फोनवरची पेटी उघडली. लिहिलेली चाल वाजवली, पांढरी तीनवर थांबले. मंदाने मान हलवली. पांढरी दोनवर आले, पुन्हा नाही. पांढरी एकवर आले आणि सूर धरून ठेवला. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"हां," ती म्हणाली. "हितं संपतं."

पांढरी एक सा धरला की गाण्यातला एकही स्वर कोमल राहत नाही. सगळे शुद्ध. ते समजायला मला ओटीवर बसल्या बसल्या एक मिनिट पुरलं. एवढं सोपं होतं, आणि चाळीस वर्षं पेटी शिकवणाऱ्या बाईला ते कळलं नाही.

निघताना मंदा माझ्याकडे न बघता बोलली. "आमच्या सोनीच्या हळदीला पोरींनी तुमच्या पुस्तकातनंच म्हटलं. शाळेतल्या मास्तरांनी बसवलं होतं. आय तवा खाटेवर, वाचा गेलेली. ऐकलं, नि तोंड भिंतीकडं फिरवलं. आमाला वाटलं, दुखतंय."

परतीला जीप लगेच मिळाली. पुढे पुण्याच्या गाडीत, घाट चढताना, शेजारच्या बाईने संत्र्याची फोड पुढे केली, मला घेववली नाही. अपराधी वाटत होतं, आणि ते सांगायला कोणी उरलं नव्हतं.

घरी येऊन वही उघडली. 'करुण चाल' खोडलं, कोपऱ्यात 'सा = पांढरी एक' लिहिलं आणि सुरावट पहिल्यापासून पुन्हा मांडली. शेवटच्या ओळीची जागा कोरी ठेवली, खाली टीप दिली: ही मांडवात ऐकावी. "तुळशीच्या लग्नानंतर कुणी बोलावलं तर म्हणीन," असं मंदा म्हणाली होती. अजून तिला कुणी बोलावलेलं नाही. मी दर आठवड्याला फोन करून विचारते.

काल पेटी काढून ती चाल नव्या सा-वर वाजवली. इतकं हसरं गाणं आहे ते. नातीच्या हळदीला बारकूबाईंना ते असं ऐकायचं होतं.