काकांचं लांबलेलं गाऱ्हाणं

१० मार्च. पाटीभर ओले काजूगर सोलून आत्ताच हात धुतले, तरी चीक काही सुटलेला नाही. शिमग्याची माणसं घरी जमायला लागली की मला काका आठवतात आणि डोकं तापतं.

माझ्या या चुलत सासऱ्यांएवढा बोलणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात झाला नसेल. ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावातर्फे देवीशी आणि देवीतर्फे गावाशी बोलायचा मान त्यांचा. चाळीस वर्षं तेच करून त्यांना साधं बोलताच येईनासं झालं होतं. एसटी चुकली तरी डेपोतल्या कंट्रोलरपुढे हात जोडून, "बा म्हाराजा, तुझं लेकरू उन्हात उभं हाय, त्याला मार्गाला लाव," असं सुरू करत. गाऱ्हाण्यातून कुणी सुटत नसे. शेतकरी, खलाशी, मुंबईचे चाकरमानी, दुबईला गेलेले, सासरी नांदणाऱ्या, गोठ्यातली गुरं, एकदा तर विहिरीवरचा बंद पडलेला पंप. "काका, आवरा, भात गार झाला," म्हटलं तर म्हणायचे, "सूनबाय, एखादा राहिला नि त्यालाच काय झाला, तर देवी मला इचारील गो."

पण सुलभा मात्र नेमकी राहून जायची! सुलभा गावचीच लेक. नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर बापाच्या बंद घरात परत आली, मासे विकून राहते. मानकऱ्यांनी ठरवलं, तिच्या घरात भावकीतला पुरुष नाही, तेव्हा पालखी तिच्या दारी जायची नाही. आणि पालखी येत नाही ते घर गावात धरत नाहीत. दोन शिमगे ती बाई अंगण सारवून, ओटीचं ताट घेऊन उभी राहिली, आणि पालखी समोरून वाजतगाजत निघून गेली. यातल्या दोन मानकऱ्यांच्या घरी तिचीच सुरमई शिजते!

मी काकांना धरलं. "देवी तुमच्या तोंडून बोलते ना? मग विचारा तिला, ही लेक तिची की नाही!"

"मानकरी नको म्हणतात गो."

"मी देवीचं विचारतेय."

काका सुपारी कातरत बसले. मला इतका संताप आला की त्यांच्यासाठी आणलेला चहा मी परत आत नेला.

सुलभाच्या घरासमोर वळण आहे. तिथे वाडीचं गाऱ्हाणं होतं आणि ते संपल्याशिवाय पालखी पुढे हलत नाही, हा नियम मानकऱ्यांनीच जपलेला. गेल्या वर्षी काकांनी तिथे सुरुवात केली आणि ते थांबेचनात. शेतकरी झाले, खलाशी झाले, दुबईवाले झाले, गुरं झाली. वर ऊन, खांद्यावर पालखी. उचलणाऱ्यांच्या माना आखडल्या. "काका, आवरा की आता!" एक मानकरी ओरडला.

"एक घर राहिलंय म्हाराजा," काका म्हणाले, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी खांदे भरून आले. पालखी टेकवायला सपाट जागा एकच होती, सुलभाचं अंगण. पालखी जिथे टेकते, तिथली ओटी देवी घेतेच. ती टेकली आणि काकांचा आवाज बदलला. "लेकी, माझी होतीस, माझीच हायेस. मोडलेलं मी उभं करीन. माझ्या पदराखाली राहा. तुझ्याकडं वाकडं बघील, त्याची वाट मी अडवीन!"

मग मागून खलाशी ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळेच. सुलभाने ताट माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी देवीची ओटी भरली.

संध्याकाळीच मानकऱ्यांनी गाऱ्हाण्याचा मान काकांकडून काढून त्यांच्या एका पुतण्याला, माझ्या दिराला, दिला. यंदा त्याने चार मिनिटांत उरकलं. पालखी मात्र सुलभाकडे थांबली. देवीचा शब्द मोडायची छाती कुणाची?

मान गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आल्याचा काढा घेऊन काकांकडे गेले होते, खरं तर भांडायलाच. दोन वर्षं कुठे होती ही अक्कल? काका पडवीत बसले होते, घसा पार बसलेला. कप हातात दिला आणि बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. ते नुसती मान हलवत राहिले. माझं संपलं. तरी मी उठले नाही. ते काहीतरी बोलतील म्हणून कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले.