जीप ओढायला घेतलेली दुधाची गाडी

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ माझा ड्रायव्हर आहे असं चार लोकांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. वर त्यात माझी भर घातली. त्याच्या आधी, ज्या गाडीवर त्याचं घर चालायचं ती गाडी मी माझ्या हौसेसाठी त्याच्या दारातून काढून नेली होती. दोन्ही वेळा आपण काय करतोय ते मला कळत होतं. नकळत झालं, असं मी म्हणणार नाही.

सांगलीत माझं शेतीपंपांचं दुकान आहे. पंचेचाळिशी उलटल्यावर मला जीपचा नाद लागला. एक जुनी जीप घेतली, तिची उंची वाढवून घेतली, मोठे टायर टाकले आणि सुट्टीच्या दिवशी माळावर, ओढ्यात, चिखलात घालायला लागलो. असाच नाद असलेल्यांचा आमचा एक गट होता. त्यात कोल्हापूरचे होते, साताऱ्याचे होते, पुण्याचेही काही होते. पुण्याच्या लोकांसमोर आपण कमी पडू नये असं मला फार वाटायचं.

माझी जीप चिखलात कुणाला ऐकायची नाही, पण डांबरी रस्त्यावर थरथर कापायची. एकदा कराडच्या पुढं तिचं चाक जाम झालं. उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्याला हातापाया पडून मी तिला टोचन लावून गावात आणली. मागं बसून स्टिअरिंग धरलेला माझा फोटो कुणीतरी काढला आणि गटात टाकला. पुढचे कितीतरी दिवस सगळे त्यावर हसत होते. त्याच वेळी ठरवलं की जीप ट्रेलरवर चढवून न्यायची. ट्रेलर कुपवाडच्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं करून दिला. आता तो ओढायला जुनी, मजबूत आणि मला परवडेल अशी पिकअप हवी होती.

ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन मी हिंडायला लागलो. साताऱ्यात एक बघितली, तिचे ब्रेक अर्ध्या रस्त्यात लागायचे. मागं जीपचं वजन असताना घाट उतरायचा म्हणजे इंजिनापेक्षा ब्रेक महत्त्वाचे. फलटणला एक बघितली. रंग नवा, सीटकव्हर नवं, काचेवर फुलांची वेल. मिस्त्री खाली सरकला आणि चासीवर हात फिरवून बाहेर आला.

"ऊस वाहिलाय हिनं," तो म्हणाला. "कंबर गेलीय. वरनं नवरी केलीय नुसती."

एक कोकणातून आलेली होती, तिचा पत्रा खारट हवेनं पापडासारखा झाला होता. झेपणारी गाडी जीप ओढायची नाही आणि ओढणारी मला झेपायची नाही, असं दोन-तीन महिने चाललं. मग नागपंचमी आली.

माझी सासुरवाडी शिराळ्याच्या पुढं, चांदोलीच्या अंगाला एका वाडीत. बायको पंचमीला माहेरी जायची आणि मी आदल्या दिवशी तिला सोडायला जायचो. तो भावाच्या उपवासाचा दिवस. बायका भावाला आयुष्य मागतात आणि दिवसभर काही खात नाहीत. माझ्या बायकोला एकच भाऊ. ती हा उपवास पाणीही बेतानं पिऊन करायची.

मेहुण्याकडं पिकअप होती. चार वाड्यांचं दूध गोळा करून तो ते खालच्या डेअरीला पोचवायचा, सकाळ-संध्याकाळ. त्या दिवशी सहज म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. भरलेले कॅन घेऊन गाडी वाडीचा चढ चढली आणि तिथंच माझ्या डोक्यात लख्ख झालं. गाडी थांबली की दूध नासतं, म्हणून या गाडीला मोडायची मुभाच नव्हती. क्लच वेळेवर, ऑइल वेळेवर, ब्रेक पायात. मी दोन-तीन महिने जी शोधत होतो ती हीच होती. ती इतकी चांगली होती, कारण ती त्याला रोज लागत होती. हेही मला तेव्हाच कळलं.

"गाडी लय भारी ठेवलीस गड्या," मी म्हणालो.

"आवं दाजी, बायकू म्हनती माझ्यापेक्षा हिलाच जास्त पुसता," तो हसून म्हणाला.

आता त्या घराची एक रीत सांगतो. जावयानं एखाद्या वस्तूचं नाव काढलं की ती वस्तू त्या घरात राहत नाही. एका वर्षी मी तांब्याच्या घंगाळाला चांगलं म्हणालो, तर निघताना ते आमच्या डिकीत. एकदा भाताचा वास छान आहे म्हणालो, तर पोतं. बायको यावरून मला नेहमी बजावायची. त्या दिवशी घरी आल्यावर मी ओट्यावर बसून सासऱ्यांसमोर गाडीचं कौतुक सुरू केलं. तेव्हा तिनं मला आत बोलावलं.

"गाडीचं नाव परत काढू नका," ती हळू आवाजात म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, ओठ सुकले होते. "तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही."

"मी कुठं मागतोय?" मी म्हणालो.

बाहेर आलो आणि सासऱ्यांना म्हणालो, "अशी गाडी मिळाली असती तर माझी वणवण थांबली असती बघा."

सासरे फौजेत होते. बोलणं कमी. त्यांनी सरळ मुलाला हाक मारली.

"पावण्यांस्नी गाडी पायजे म्हनं. तू तसंबी नवी घ्यायची म्हनत व्हतास न्हवं?"

"पुढच्या साली म्हनत व्हतो," मेहुणा म्हणाला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर दुसरीकडं केली नाही, उलट हसलो. तो म्हणाला, "घ्या की दाजी. तुमच्यापक्षा काय जास्त हाय व्हय ती?"

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला.

फुकट नको, पैसे देणार, असं मी मोठेपणानं सांगितलं. आणि आठवड्यानं मिस्त्रीला घेऊन गेलो ते भाव पाडायलाच. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती, किटल्या घेऊन माणसं उभी होती. बैलाच्या बाजारात खोडी काढतात तसं मिस्त्री आणि मी गाडीभोवती फिरलो. टायर लाथाडले, दारं आपटली, हौद्यावर हातोडी वाजवली.

"दुधाचं पाणी मुरलंय," मिस्त्री म्हणाला. "खालनं सडलाय पत्रा."

"आवं, रोज गरम पान्यानं धुतो मी, सडंल कसा?" मेहुणा म्हणाला.

"गप रे," मी म्हणालो. "त्याला कळतं."

किटलीवाला एक म्हातारा हसत म्हणाला, "दाजींनी तर सोयरिक मोडाय आल्यागत तोंड केलंय की रं!" सगळे हसले. मेहुणाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. पत्रा सडलेला नव्हता. मला ते माहीत होतं आणि मिस्त्रीला तर होतंच. भाव आम्ही बोलू तो झाला. जावयाशी कोण घासाघीस करणार? गाडी घेऊन निघालो तेव्हा तो मागचे कॅन एकेक करून उतरवत होता.

त्या पैशांत त्याला तशी दुसरी गाडी मिळाली नाही. डेअरी थांबली नाही. त्याच्या वाटेवर दुसऱ्याची गाडी लागली. हे मला बायकोकडून कळलं. मी म्हणालो, "होईल काहीतरी."

ट्रेलर जोडून गाडी मागं घेणं मला जमेना. पुढचं तोंड एकीकडं, ट्रेलर दुसरीकडं. मग मी मेहुण्याला फोन केला. एवढ्या वेळी येशील का, म्हटलं. तो आला. पुढच्या वेळीही आला. गाडी नसल्यामुळं तो मोकळाच होता, आणि ही मोकळीक मीच त्याला दिली होती. तो जीप ट्रेलरवर चढवायचा, साखळ्या आवळायचा, घाटात माझ्यापेक्षा हळू चालवायचा. मागं ट्रेलरवर जीप असली तरी तो तिच्याकडं बघत नसे. स्टिअरिंग धरलेल्या हाताचा अंगठा मात्र त्याच्या जुन्या गाडीच्या हॉर्नभोवती फिरत राहायचा.

त्या हिवाळ्यात आमचा गट औंधच्या अलीकडं एका माळावर जमला. मागं यमाईचा डोंगर, पुढं दगडांचा ओढा. त्यानं जीप उतरवली, टायरमधली हवा कमी केली, दोर तयार ठेवला. माझी जीप ओढ्यात अडकली तेव्हा मांडीपर्यंत चिखलात उतरून दोर त्यानंच लावला. मी वर बसून होतो.

बाहेर आल्यावर पुण्याचा एकजण म्हणाला, "ड्रायव्हर एक नंबर मिळालाय तुम्हाला. कुठून पकडला?"

मेहुणा जवळच दोर गुंडाळत होता. वाक्य सुधारायला एक शब्द पुरला असता. मेहुणा. एवढाच. पण त्याची पँट चिखलानं भरलेली, पायात रबरी चप्पल, आणि समोरचे सगळे ब्रँडेड जॅकेटांत. मला लाज वाटली ती त्याची.

"शिराळ्याकडचा आहे," मी म्हणालो. "गडी कामाचा आहे."

"दुधावर वाढलेला दिसतोय," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. आणि हसू ओसरायच्या आत मोठ्यानं म्हणालो, "ए, सगळ्यांना चहा आण रे."

तो रस्त्यावरच्या टपरीवरून चहा घेऊन आला. एकेकाच्या हातात कप दिला. माझ्यासमोर आला आणि कप पुढं करून म्हणाला, "घ्या साहेब."

मी घेतला.

परतीच्या वाटेवर मी दोन-तीनदा काहीबाही बोललो. तो हं, हं करत होता. सांगलीत जीप उतरवून झाल्यावर चावी माझ्या हातात देत तो म्हणाला, "येतो साहेब." दारात माझी बायको उभी होती. तिनं ते ऐकलं. तिनं मला काही विचारलं नाही. भावाला विचारलं असणार, कारण त्यानंतर तिनं जीपच्या शेडकडं कधी ढुंकून बघितलं नाही.

तो पुन्हा आला नाही. त्याच्याच जुन्या वाटेवर, दुसऱ्याच्या गाडीवर, पगारी ड्रायव्हर म्हणून लागल्याचं कळलं. म्हणजे माझ्या तोंडून जे निघालं होतं ते मी खरं करून दाखवलं.

पुढची पंचमी आली. आदल्या दिवशी सकाळी मी चहा मागितला. बायकोनं कप आणून ठेवला आणि समोर बसली.

"आज माझा उपवास आहे," ती म्हणाली. "कुणाच्या नावानं धरू ते सांगा. भावाच्या, की तुमच्या ड्रायव्हरच्या?"

तिनं बॅग उचलली आणि एकटी एसटीनं गेली.

मी दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन निघालो. शिराळ्यात पंचमीची गर्दी होती, तिच्यातून वाट काढत वाडीवर पोचलो. दुधाची वेळ होती आणि तो परक्या गाडीत कॅन चढवत होता. किटलीवाले तेच, तो म्हाताराही होता. मी सगळ्यांसमोर चावी पुढं केली. "गाडी परत आणलीय," म्हणालो. "माझं चुकलं."

तो कॅन चढवत राहिला.

"गाडी घिऊन काय करू? दुधाची वाट गेली माझी. ही दुसऱ्याची गाडी हाय, वेळंत जायाला पायजे."

"सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं."

तेव्हा तो थांबला. हात पुसले.

"हितं कुनाला सांगताय साहेब? हितल्यांस्नी म्हाईत हाय मी कोन हाय त्ये. जितं म्हनला, तितं सांगा."

म्हातारा म्हणाला, "जाऊ दे रं, दाजी हायत."

"व्हते," मेहुणा म्हणाला आणि गाडी सुरू केली.

चावी मी सासूबाईंच्या हाती दिली आणि एसटीनं परत आलो. बायको आणखी काही दिवस तिथंच राहिली.

पावसाळा संपता संपता गट पुन्हा जमला, साताऱ्याच्या बाजूला एका तलावाकाठी. मी जीप नेली नाही. बसनं गेलो. सगळे म्हणाले, "जीप कुठाय? आणि तुमचा तो ड्रायव्हर?" या लोकांत कमी पडू नये म्हणून मी एवढं केलं होतं, आणि आता त्यांच्यासमोर कमी व्हायचं होतं. मी फोन काढला, मेहुण्याला लावला आणि स्पीकरवर टाकला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं. मागं कॅनचा आवाज येत होता.

"बोला साहेब," तो म्हणाला. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"फोन ठेवू नकोस," मी म्हणालो. "नुसतं ऐक."

मग मी त्या लोकांकडं वळलो. "औंधच्या माळावर ज्यानं दोर लावला, ज्यानं तुम्हाला चहा आणून दिला, तो माझा ड्रायव्हर नव्हता. तो माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे. ती पिकअप त्याची होती. तो तिच्यावर दूध घालायचा. चांगली गाडी होती, ती सडलीय असं खोटं सांगून मी भाव पाडला आणि जावईपणाच्या जोरावर काढून घेतली. त्याचा धंदा बुडाला. तुम्ही ड्रायव्हर म्हणालात ते न कळून. मी गडी म्हणालो ते कळून, कारण तुमच्यासमोर मला त्याची लाज वाटली."

कुणीतरी अवघडून हसलं. "अरे, सोड ना यार. एवढं काय त्यात?"

मी फोन तोंडाजवळ धरला. कॅन वाजायचे थांबले होते.

"तू सांगितलंस तिथं येऊन सांगितलं," मी म्हणालो. "मी तुझी गाडी नेली आणि वर तुझं नातं पुसलं. तू दाजी म्हणावंस म्हणून हे बोलत नाही, नको म्हणूस. माझं चुकलं रे. मला माफ कर."