इंदूला हवी असलेली खात्री

इंदू गायकवाड उपासनेला नेहमी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. उपदेश चालू असताना दोनदा तरी उठून बाहेर जायची, चपला घालायची, परत काढायची, आत यायची. मध्य प्रदेशातल्या देवासच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मराठी घरं नऊ-दहाच. सगळी कारखान्याच्या नोकरीमागे नगर-जालन्याकडून आलेली, त्यामुळे कोणाच्या घरी काय शिजतंय तेही सगळ्यांना ठाऊक असायचं. इंदूच्या जिवाला कसली टोचणी आहे, ते मात्र बरीच वर्षं कोणाला कळलं नाही.

तिचा नवरा अशोक फिटर. लग्नानंतर वर्षभरात दोघं इकडे आली, किमया इथेच जन्मली. १९९४ साली इंदूचे वडील आजारी पडले म्हणून ती नगरला गेली. बाबा म्हणजे गावच्या मंडळीत चाळीस वर्षं पेटीवर गाणी म्हणणारा माणूस. शेवटच्या दिवशी त्यांनी तिचं मनगट धरलं आणि विचारलं, "इंदू, तो मला घेईल ना गं?"

"घेईल की, बाबा."

मनगटावरची पकड सैल झाली नाही. तशीच धरून ते गेले.

इंदू परत आली ती हे डोक्यात घेऊन. एवढा भक्तीचा माणूस शेवटी घाबरला, मग आपलं काय? भाजी चिरताना, किमयाची वेणी घालताना ती स्वतःलाच तपासू लागली. आपला विश्वास खरा आहे की सवयीचा? प्रार्थना मनातून येते की नुसती तोंडातून? १९९७ साली नर्मदाकाठी निसरपूरकडे तीन दिवसांची मोठी सभा होती, तिथे ती अशोकबरोबर गेली. बाहेरगावच्या प्रचारकानं विचारलं, "आज मरण आलं तर स्वर्गात जाल याची खात्री कोणाला नाही?" इंदूचा हात सगळ्यांत आधी वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नर्मदेत कंबरभर पाण्यात उभी राहिली आणि तिनं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लहानपणी एकदा झालाच होता.

"आता झालं ना मनासारखं?" अशोकनं टॉवेल देत विचारलं.

"हो," ती म्हणाली. तीन आठवडे बरे गेले. मग एका सकाळी ती किमयावर दूध सांडलं म्हणून ओरडली, आणि त्या ओरडण्यासरशी सगळी शांती गेली. तारण झालेल्या बाईच्या तोंडात असे शब्द येतील का? पुढच्या वर्षी सभेत तिनं परत हात वर केला. त्याच्या पुढच्या वर्षीही.

१९९९ मध्ये अशोकची आई, माई, गाव सोडून त्यांच्याकडे राहायला आल्या. माईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण गाणी शंभरेक पाठ. इंदूला त्यांचा हेवा वाटायचा. माई प्रार्थनेला बसल्या की शेजारणीशी गप्पा माराव्या तशा बोलायच्या, आमेन म्हणायच्या आणि लसूण सोलायला घ्यायच्या.

दोन वर्षांनी त्या विसरू लागल्या. आधी गॅस, मग गल्ली, मग किमयाचं नाव. २००३ च्या एका रविवारी येशूच्या मरणाच्या आठवणीची, प्रभुभोजनाची भाकर हातात दिली तेव्हा माईंनी भर उपासनेत मोठ्यानं विचारलं, "हे कशाचं जेवण आहे? कोण मेलं?"

काही पोरं हसली. अशोकनं हळूच त्यांना बाहेर नेलं. इंदू जागेवरून हलली नाही. माईंच्या डोक्यातून येशू गेला, एवढंच तिला दिसत होतं. विश्वासानं तारण होतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. मग ज्याला विश्वासच आठवत नाही त्याचं काय?

त्या दिवसापासून तिनं माईंना शिकवायला घेतलं. सकाळी, दुपारी, चहाच्या वेळी.

"माई, आपल्यासाठी कोण मेलं?"

"तुझा बाप," माई म्हणाल्या.

इंदू स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली. मग परत येऊन तोच प्रश्न विचारला.

महिन्याभरात ते वाढत गेलं. एका दुपारी किमया शाळेतून आली तर माई भुकेनं तोंड उघडून बसलेल्या आणि इंदू वरणभाताचा चमचा मागे धरून म्हणत होती, "नाव घ्या आधी. येशू म्हणा. मग घास."

"मम्मी! ये क्या कर रही हो? आजीला भूख लगी है!"

"तुला कळत नाही. त्यांच्या भल्यासाठी आहे."

किमयानं चमचा हिसकावून घेतला. मायलेकी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतरच्या सकाळी इंदू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि खाली आली तर दार उघडं, माई नाहीत.

आम्ही सगळेच शोधायला निघालो. स्टेशन, भाजी मंडी, बस स्टँड. अशोक कारखान्यातून तसाच तेलकट कपड्यांनी धावत आला. इंदू अनवाणी फिरत होती, ते तिलाही माहीत नव्हतं. तीन तासांनी माई देवीचं देऊळ असलेल्या टेकरीच्या पायथ्याशी सापडल्या, देवीची फुलं विकणाऱ्या एका बाईच्या पालाखाली. मांडीवर झेंडूची अर्धवट माळ, हातात कागदावर पोहे-शेव.

"नाम नी बता पा री थी माँजी," फुलवाली म्हणाली. "धूप तेज थी, तो मैंने बिठा ली. कोई तो ढूँढता आएगा."

इंदूनं फुलवालीचे दोन्ही हात धरले. माईंनी इंदूकडे निरखून पाहिलं. "तुम्ही कोण, बाई?"

"मी इंदू."

"बरं," म्हणून माईंनी तिच्या पदराचं टोक धरलं आणि चालू लागल्या.

पुढच्या मंगळवारी इंदू एकटीच इंदूरमार्गे बसनं धारला गेली. तिथे कृष्णराव राहायचे, आमच्या मंडळीचे जुने पाळक, आता निवृत्त. ते अंगणात गहू निवडत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. बाबांचं मनगट, नर्मदा, मागे धरलेला घास. सांगताना ती अंगणात येरझाऱ्या घालत होती.

"बसा हो, इंदूबाई."

"बसवत नाही. माईंचं काय होईल ते सांगा."

"हरवल्या तेव्हा आपण हरवलोय हे त्यांना माहीत होतं?"

"नाही."

"मग घरी कशा आल्या?"

"आम्ही शोधलं म्हणून." ती थांबली. "पण पाळकसाहेब, हे बोलायला सोपं आहे. माझे बाबा घाबरून गेले."

कृष्णरावांनी सूप खाली ठेवलं. "मीपण घाबरतो. ऐंशी वर्षांचा झालो. भीती वाटली म्हणून देवाचं प्रेम आटतं, असं मला कुठे सापडलं नाही. तुम्ही खात्री शोधायला दरवेळी स्वतःच्या आत हात घालता. तिथे काय सापडणार? कधी विश्वास, कधी राग, कधी काहीच नाही. ख्रिस्तानं जे केलं ते तुमच्या बाहेर झालंय. तुम्ही जन्मायच्या आधी झालंय. तिकडे बघा."

"बघते, पण दिसत नाही."

"मग दिसत नाही असंच त्याला सांगा."

तिचं समाधान झालं नाही. परतीच्या बसमध्ये ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिली. पण दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी हात सवयीनं मागे जाऊ लागला, तेव्हा तिनं तो थांबवला आणि घास दिला. विचारायची सवय काही जाईना, तोंडाला काहीतरी हवंच होतं. म्हणून ती एकदम म्हणाली, "माई, येशूचं तुमच्यावर प्रेम आहे."

"असं?" माईंचा चेहरा उजळला. "कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला."

"आणि मी वाईट वागले तर?"

इंदूनं पुढचा घास कालवला. हा तिचा स्वतःचा प्रश्न होता. "तरी आहे," ती म्हणाली.

"बरं झालं बाई सांगितलंस."

तासाभरात माई ते विसरल्या. संध्याकाळी तिनं पुन्हा सांगितलं, आणि माईंना पुन्हा तितकाच आनंद झाला. अडीच वर्षं हे असं चाललं. दिवसातून चार-पाच वेळा तेच वाक्य, तेच प्रश्न, "तरी आहे" हेच उत्तर. एकदा भाजी निवडताना इंदू मला म्हणाली, "मी माईंना सांगते, पण ऐकायला मीपण तिथेच असते ना."

२००६ च्या फेब्रुवारीत माई गेल्या. दुपारची वेळ होती, इंदू त्यांच्या कपाळावर ओला रुमाल फिरवत होती. शेवटपर्यंत त्यांनी येशूचं नाव घेतलं नाही. त्यांचं शेवटचं बोलणं भात कच्चा असल्याबद्दल होतं. श्वास थांबलाय हे लक्षात यायच्या आधी इंदूनं नेहमीचं वाक्य आणखी एकदा त्यांच्या कानाशी सांगितलं होतं. उत्तर आलं नाही तेव्हा तिला कळलं. तिनं अशोकला हाक मारली, आणि तो येईपर्यंत माईंचा हात हातात घेऊन बसून राहिली.