नागलीचा सिद्धांत आणि माझी पानथरी

आता काय सांगू तुम्हाला! विद्वान जन्मावा लागतो म्हणतात ना? साफ खोटं. मी एक विद्वान घडवलाय. या हातानं, अर्ध्या दौतीच्या शाईत. आणि तोही चुकून! तुमच्या मुंबईच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत आज त्यांचं नाव निघालं की माणसं टोप्या काढतात. माझं नाव निघालं की हसतात. हसा. तुम्हीही हसून घ्या, पण आधी ऐका.

तेव्हा जव्हार हे संस्थान होतं आणि मी तिथल्या दरबारच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर होते, पण कधी ते सुट्टीवर, कधी त्यांची बदली, कधी नवे आलेच नाहीत. त्यामुळे दवाखाना म्हणजे मी आणि बाटल्या. आमच्याकडे पाऊस ओसरला की हिवताप येतो. येतो म्हणजे कसा? पाहुण्यासारखा. घरटी मुक्काम! भात कापणीला आलेला आणि कापणारे गोधडीत कुडकुडताहेत. यावर उपाय एकच, कोयनेल. कडूजहर, पण जीव वाचवणारं. ते यायचं मूठभर आणि मागणारी अख्खी डोंगरपट्टी.

मी अर्ज केला. कारभारीसाहेबांनी बोलावलं.

"काय हो कंपाउंडर, कोयनेलच्या पेट्या हव्यात म्हणता. हिवताप एवढा आहे याला पुरावा काय?"

"साहेब, मी रोज बघतो."

"तुम्ही बघता तो पुरावा नव्हे. मुंबईहून एक डॉक्टर येताहेत. विलायतेत शिकलेत, हिवतापावर संशोधन करतात. ते पोरांच्या पानथऱ्या तपासणार. त्यांनी लिहून दिलं, तर पेट्या येतील. नाही दिलं, तर नाही."

पानथरी म्हणजे डाव्या कुशीतला तो अवयव. हिवताप मुरला की फुगतो, पार बेंबीपर्यंत येतो. आमच्या पाड्यांतली निम्मी पोरं अशी पोटं पुढे घेऊन हिंडायची. म्हटलं, बस्स! विलायती डॉक्टरनं नुसता हात ठेवला की पेट्या आल्याच म्हणून समजा.

गावोगाव हुकूम धाडायचा होता. लिहायला मीच. आता दरबारच्या कागदावर लिहायची संधी वर्षातनं किती वेळा येते हो? मला चेवच चढला. लिहिलं, 'अमुक दिवशी डॉक्टरसाहेब तपासणीस येत आहेत, तरी गावातील मुले हजर ठेवावी.' एवढ्यावर थांबावं की नाही शहाण्यानं? पण कागद रिकामा राहिला होता. मग खाली झोकात लिहिलं, 'दरबारची अब्रू राखावी.'

झालं! त्या तीन शब्दांनी घात केला.

तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला कळायचं नाही. आमच्याकडे वरून कोणी 'तपासणी'ला आला, की गावानं काय दाखवायचं? चांगलं ते! बैल बघायला आले की खोंड पुढे करायचा आणि लंगडा मागच्या रानात बांधायचा. दरबारी माणसासमोर रोगट पोर उभं करायचं म्हणजे गावाच्या तोंडाला काळं. त्यात वर अब्रू राखायचा हुकूम, शिक्क्यासकट!

डॉक्टरसाहेब आले. उंच, गोरेपान, डोक्यावर हॅट, हातात कातडी वही. स्वभावानं सज्जन, पण पोटाशिवाय माणसाचा दुसरा कुठला भाग त्यांना दिसतच नसे. पोर आडवं करायचं, डाव्या कुशीत बोटं रुतवायची, वहीत रेघ ओढायची आणि 'पुढचा!' म्हणायचं. तोंडाकडे बघायचं कामच नाही.

पहिलं गाव साखरशेत. पाटलाच्या अंगणात पोरं रांगेनं उभी. अहो, काय पोरं! गाल भरलेले, पोटं सपाट, डोक्याला तेल. मीच चक्रावलो. डॉक्टरांनी एकामागून एक तपासली.

"कंपाउंडर, एकाचीही पानथरी लागत नाही!"

मी पाटलाला गोठ्याआड ओढला. लखमा पाटील. काळा, हाडकुळा, मिशीतल्या मिशीत हसणारा.

"पाटील, ही पोरं कुठली? गावची आजारी पोरं कुठायत?"

"ती व्हय? ती धाडली रानात, आयांच्या संगतीनं. सायबाच्या नजरंला पडाया नको."

"आणि ही?"

"दोन आपल्या गावची. बाकी खोडाळ्याचं भाचं हायती. मागून आणलं."

"मागून? पोरं काय तपेली आहेत, लग्नाला मागून आणायला? आणि खोडाळा आपल्या हद्दीत तरी आहे का?"

"हद्द पोटावर लिवली हाय का, दादा? आन तुमीच तर लिवलं, अब्रू राखा. राखली!"

आता मला सांगा, त्याच क्षणी डॉक्टरांकडे जाऊन खरं बोलायला काय हरकत होती? काही नाही! पण मग विचारलं असतं, हुकूम कोणी लिहिला? म्हटलं, पुढच्या गावात खरी पानथरी भेटेलच. एवढी मोठी डोंगरपट्टी, कुठेतरी एखादा बेअब्रू पाटील असेलच की!

नव्हता.

दुसऱ्या पाड्यावर गेलो, तर तीच पोरं! आम्ही बैलगाडीनं फिरून येईतो ती पायवाटेनं आधीच पोचलेली. तिसरा पाडा शिरपामाळाच्या पायथ्याचा. तिथंही तीच, फक्त आता जरा दमलेली. एक पोरगी तर माझ्यावर करवादली.

"ओ, किती येळा निजायचं? काल साखरशेताला निजलो, सकाळी पल्याडच्या पाड्यात निजलो. आमाना घरी कदी सोडणार?"

डॉक्टरांनी कान टवकारले. "काय म्हणते ती?"

"म्हणते, तुमच्यासारखा देवमाणूस पाहिला नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा तेही.

जव्हारला परतताना डॉक्टर गाडीत वही चाळत होते. मग एकदम म्हणाले, "कंपाउंडर, हा चमत्कार आहे. चहूबाजूंनी हिवतापाचा मुलूख, आणि मधोमध इतकी निरोगी मुलं! आणि काय विलक्षण सारखेपणा! गावागणिक पोटांत तसूभर फरक नाही!"

असेल कसा? पोटं तीच होती ना!

"याला कारण असलंच पाहिजे. हे लोक खातात काय?"

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण ज्यानं आयुष्यभर गप्पा हाणल्या, त्याला कोणी विद्वान माणूस प्रश्न विचारतो म्हटल्यावर तोंडाला पाणीच सुटतं. समोर उतारावर नागलीचं, म्हणजे तुमच्या नाचणीचं, शेत दिसत होतं. म्हटलं, "नागली, साहेब!"

"नागली?"

"नागलीची भाकरी, नागलीची आंबील. तान्ह्या पोराला आधी नागली चाटवतात, मग आईचं दूध! आमच्यात म्हण आहे, ज्याच्या पोटात नागली, त्याची हिवतापाला जागा नाही लागली."

अशी म्हण नाही. गाडीच्या खडखडाटात तिथल्या तिथे जुळवली. डॉक्टरांनी ती दोनदा म्हणवून घेतली आणि डोळे मिटून बसले. एखाद्या ऋषीला मंत्र दिसावा तसे. त्या क्षणी, मंडळी, त्या गाडीत एक सिद्धांत जन्माला आला. सुईण मी.

पुढं काय झालं विचारू नका. म्हणजे विचारा, सांगतोच आहे. डॉक्टरांनी निबंध छापला. तो दुसऱ्या विद्वानांनी वाचला, त्यावर निबंध लिहिला. तिसऱ्यानं त्या दोघांचा आधार घेऊन ग्रंथ केला. कोणी कबुतरांना नागली चारली, कोणी माकडांना. एकानं नागली आधी की आंबील आधी यावर वाद काढला, तेव्हा विद्वानांत दोन तट पडले आणि एकमेकांशी बोलेनासे झाले. डॉक्टर मुंबईत मोठ्या प्रयोगशाळेचे मुख्य झाले. एवढ्या सगळ्या शहाण्यांत जव्हारला येऊन दुसरं पोट चाचपायची कोणाला गरज वाटली? छे! छापलेलं असताना चाचपायचं कशाला?

आणि आमच्या पेट्या? पाऊस ओसरला, ताप आला, पेट्यांच्या जागी एक पुस्तिका आली. सोबत वरून लेखी सूचना, 'रोग्यांस नागली द्यावी.'

कोणाला द्यावी? जे स्वतः नागली पिकवतात त्यांना!

लखमा पाटील तणतणत आला. त्याची सून तापानं पडलेली, पोट तिचंही फुगलेलं. म्हटलं, "पाटील, कोयनेल नाही. नागली घ्या म्हणतात."

"नागली? दादा, नागली ती पेरती, ती कापती, ती दळती, तीच खाती. आजून किती घालू?"

या वेळी तो मिशीत हसला नाही. आणि खरं सांगतो, मलाही पहिल्यांदाच हसू आलं नाही. कपाटाच्या तळाशी चुरा होता, तो पुडीत बांधून दिला. सून वाचली. पण चुरा संपला, आणि दारात रांग होती.

त्या रात्री माझाही वर्षानुवर्षं मुरलेला हिवताप उलटला, थंडी वाजली. दातांवर दात! तशाच अंगानं दुसऱ्या दिवशी गाडी जोडून घाट उतरलो, आगगाडी पकडली आणि मुंबईला डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत जाऊन उभा राहिलो. पांघरूण गुंडाळलेला, लटपटत. म्हटलं, आज खरं बोलायचं आणि पेट्या घेऊनच परतायचं.

"साहेब, जव्हारात हिवताप आहे. मरणाचा आहे. ती पोरं उसनी होती. नागलीचं मी गाडीत बसून बनवलं."

डॉक्टर प्रेमानं हसले. कपाटातून निबंध काढला. "कंपाउंडर, तुमचं ऐकू की याचं? हे बघा, इथं छापलंय: 'ही माहिती जव्हारच्या एका अत्यंत विश्वासू व अनुभवी जाणकाराकडून मिळाली.'"

"तो जाणकार मीच, साहेब!"

"तेच म्हणतो. तेव्हा तुमची प्रकृती चांगली होती. आता तापात बरळताय."

"म्हणजे ताप आहे, हे तरी मान्य?"

"ताप आहे. पण हिवताप नसणार. तुम्ही जव्हारचे ना?"

माझ्याच साक्षीपुढे माझी साक्ष पडली. तेवढ्यात त्यांच्या एका तरुण शिष्यानं मला टेबलावर आडवा केला आणि डाव्या कुशीत बोटं रुतवली. तो ओरडलाच, "सर! पानथरी बेंबीपर्यंत!"

सगळी प्रयोगशाळा माझ्या पोटाभोवती जमली. डॉक्टर वाकले, चाचपलं, गंभीर झाले. म्हटलं, सुटलो! आता सिद्धांत कोसळणार, पेट्या येणार!

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "कंपाउंडर, तुम्ही रोज खाता काय?"

आणि मंडळी, आयुष्यात नको तेव्हा मी खरं बोललो.

"भात, साहेब. नागली माझ्या घशाखाली उतरत नाही."

"बघा!" डॉक्टर शिष्यांकडे वळून गरजले. "अख्ख्या जव्हारात एकच माणूस नागली खात नाही, आणि एकट्यालाच हिवताप! याहून चोख पुरावा कुठला हवा?"

मी डोळे मिटले. पण खोटारड्याचं डोकं तापातही चालतं. लखमाची सून आठवली, दारातली रांग आठवली. म्हटलं, आता विद्वानाशी त्याच्याच भाषेत बोलावं.

"साहेब, एकटा नाही. आता भाताचं वेड आलंय. सगळी डोंगरपट्टी भात खाते हो! नागली मागे पडली. सगळ्यांची पोटं माझ्यासारखी!"

"अरेरे! मग त्यांना कोयनेलच द्यायला हवं," डॉक्टर हळहळले. बसल्या बैठकीला चिठ्ठी लिहिली. पेट्या माझ्याआधी जव्हारला पोचल्या, वर मोठ्या अक्षरांत, 'फक्त भात खाणाऱ्यांसाठी'. आमच्याकडे भात कोण खात नाही? वाटल्या. त्या मोसमात पुष्कळ माणसं उठून पुन्हा शेतात गेली.

सहा महिन्यांनी डॉक्टरांचा दुसरा निबंध टपालानं आला. आत माझ्या उघड्या पोटाचं पानभर चित्र, खाली लिहिलेलं, 'नागली न खाण्याचे परिणाम'. आमच्या हिनं चित्र उजेडाला धरून निरखलं.

"अहो, तोंड नाही छापलं?"

"पोटच महत्त्वाचं आहे म्हणतात."

"बरं झालं," ती म्हणाली. "इतक्या सगळ्या छापील कागदांत तुमचं पोटच तेवढं खोटं बोललं नाही."