धावजींचं न सापडलेलं दुकान

शंकरसिंग दर मंगळवारी यायचे, आणि मला सोमवारपासूनच वैताग यायला लागायचा. यवतमाळच्या आमच्या वाचनालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. तऱ्हेवाईक वाचक पुष्कळ पाहिले, पण दोन वर्षं एकच पुस्तक मागणारा हा एकटाच. पुस्तक तरी कसलं? १९५४ साली छापलेली शहराची दर्शिका. कोणत्या धंद्यात कोण, कोणत्या गल्लीत कोण राहतं, याच्या नुसत्या याद्या. आमच्याकडे तिची एकच प्रत, तीही कुलपात. पान जरा जोरात उलटलं की कोपरा हातात येतो.

शंकरसिंग बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. वय बहात्तर, घर महागावकडच्या तांड्यात. पुस्तक हातात आलं की ते शेवटच्या पानापासून सुरू करत.

"अहो, पहिल्या पानापासून वाचा की," मी म्हणायचे.

"म्याडम, बिनतिकिटाचा माणूस मागच्याच शिटावर बसते," असं म्हणत ते बोट जिभेला लावायचे, आणि मी टेबलावरूनच ओरडायचे, "थुंकी नाही!"

पान तपासून झालं की ते आपल्या वहीत त्या पानाचा आकडा काढून पुढे बरोबरची खूण करत. वही भरत आली होती. माझं डोकंही.

ते काय शोधत होते? त्यांची मोठी बहीण मानीबाई, आता ऐंशीला टेकलेली. ती लहानपणापासून एकच सांगत आली, की आपण आधी यवतमाळात राहायचो, आपलं दुकान होतं. कुटुंब तांड्यावर परतलं तेव्हा शंकरसिंग दोन वर्षांचे होते, त्यांना काही आठवत नाही. बाप धावजी बैलगाड्यांवर माल वाहायचे. गाडीवानाचं शहरात कुठलं दुकान, म्हणून सगळा तांडा मानीबाईला हसायचा, आणि सख्खा भाऊ सगळ्यांत मोठ्यानं. शंकरसिंगांची नात रंजिता, तिच्या लग्नात मानीबाई व्याह्यांना दुकानाचं सांगायला लागली, तर हे भर मांडवात म्हणाले, "बाईचं डोकं फिरलं आता, मनावर घेऊ नका."

त्या दिवसापासून बहिणीनं बोलणं टाकलं. राखीलासुद्धा दार उघडलं नाही. फक्त निरोप पाठवला, यवतमाळात जाऊन पाहून ये, मग तोंड दाखव.

आणि हा माणूस यायचा कशाला, तर दुकान नव्हतंच हे सिद्ध करायला! म्हाताऱ्या बहिणीशी भांडण जिंकण्यासाठी दर आठवड्याला महागावहून इतकी धूळ खात यायचं, याची मला चीड यायची. यादीत धावजी नावाचे दोघे सापडले, एक शिंपी आणि एक शाळेतला चपराशी. "पाहा, नाई ना आमचा बाप," म्हणून हे खूश. पुढच्या मंगळवारी पुन्हा दारात.

"नाही ना सापडत? मग परत परत कशाला येता?" मी एकदा विचारलंच.

त्यांनी वही मिटली. "पक्कं केलं पाह्यजे, म्याडम. माही एकच त बहीण हाय."

मी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. पण वैताग कमी झाला असंही नाही.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी मात्र मी पुस्तक त्यांच्या हातातून काढूनच घेतलं. "नाव सोडा आता. घर कुठं होतं म्हणते तुमची बहीण?"

"तेलघाणीच्या बाजूनं. समोर पाण्याचा हौद. हजार खेपा आयकलं."

"मग गल्ल्यांची यादी का नाही पाहिली?"

"पाह्यली. चार खेपा पाह्यली."

मी तेलघाणी शोधली आणि एकेक घर मोठ्यानं वाचत गेले. "तेलघाणी. बाजूला बिजलीबाई, मीठ व गोणपाट. त्यापुढे नालबंद..."

"पुढं," ते म्हणाले. "पुढं, पुढं."

आणखी दोन घरं वाचून झाली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"थांबा. मागं घ्या. घाणीच्या बाजूले कोन म्हनलं?"

"बिजलीबाई."

"आमच्या याडीचं नाव बिजलीबाई," ते म्हणाले. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! त्यांची वही ओढून पाहिली. पान एकशे बारा, पुढे चार खुणा. चार वेळा या माणसाचं बोट आईच्या नावावरून फिरलं होतं.

"बापाचं दुकान, असं बहीण कधी म्हणाली होती का?"

"नाई. आपलं दुकान म्हने. याडी तराजू धरे म्हने."

"मग?"

"मले वाटलं, बाप बाहेर गेला का याडी बसत असन."

बाप वर्षातले आठ महिने गाड्यांबरोबर. यादी करणारा माणूस दारात आला तेव्हा घरात होती ती बाई, मीठ तोलत होती ती बाई, त्यानं तिचं नाव लिहून घेतलं. त्या परक्या माणसाला एका नजरेत दिसलं ते पोटच्या मुलाला बहात्तर वर्षांत सुचलं नाही. मी त्यांना हे असंच तोंडावर सांगितलं. त्यांनी वही पिशवीत टाकली. मग म्हणाले, "तुमीच चाला संगं. मी एकटा गेलो त बाई म्हनन, छापून आनलं."

रविवारी गेले. मानीबाई अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. भावाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पानाचा फोटो छापून नेला होता, तो मी त्यांच्या हातात दिला आणि काय आहे ते सांगितलं. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं. मग तो भावापुढे धरला.

"वाच."

दोन वर्षांतला पहिला शब्द. शंकरसिंगांनी वाचलं, "बिजलीबाई, मीठ व गोणपाट."

"अजून."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग पुन्हा. चौथ्यांदा वाचून त्यांनी कागद खाली घेतला. "बास का, बाई?"

"बास कायले? जलमभर खोटी म्हनलं मले. वाच."

सातव्या वेळेला 'बिजलीबाई'वरच त्यांचा आवाज फुटला. डोळे गळायला लागले, अक्षर दिसेना. मानीबाईंनी कागद त्यांच्या हातातून काढून पदरात ठेवला आणि शेंगांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

"आता पाठ झालं असन," त्या म्हणाल्या. "सोलता सोलता म्हन."