आत राहिलेला काठ

जुन्या इरकलीचा काठ कापून पुस्तकात ठेवायची खूण शिवायला घेतली. शिवणाची मला कधी गोडी नव्हती, फार तर बटण लावलं असेल. पण आमच्या ह्यांचं वाचन एकाच पानावर अडकलंय. सकाळी उघडतात तेच पान दुपारी उघडतात. डॉक्टर म्हणाले, विसरणं आता वाढतच जाणार. मला वाटलं, खूण असली तर निदान पान तरी पुढे सरकेल.

दोन पट्ट्या सुलट बाजू आत करून एकमेकींवर ठेवल्या आणि चारी बाजू शिवून टाकल्या. शेजारची सुमन बघून हसली. "काकू, एक बाजू उघडी ठेवायची असते, उलटवायला. काठ आतच कोंडलात की."

"मग राहू दे कोंडलेला," मी म्हटलं.

ती गेल्यावर तो बंद तुकडा हातात घेऊन बसले. ह्यांचंही असंच झालंय. सगळं आत आहे, आणि बाहेर काढायला फटच उरलेली नाही. कापड तरी उसवता येतं.

एक बाजू उसवली, काडीनं ढोसून उलटवली, तोंड शिवलं. खूण वाकडी झाली, पण काठ वर आला. त्यांच्या पानात ठेवली.

त्यांनी ती निरखून पाहिली. "छान आहे. कुणी केली?"

"तुमच्या बायकोनं."

"हो का? तिला सांगा, छान जमलीय."

"सांगते," म्हटलं. त्यांनी खूण बाजूला ठेवली आणि तेच पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.